सत्यशीलाबाईंच्या पाठमोऱ्या खुर्च्या

नगरजवळच्या केडगावात सत्यशीलाबाईंचं घर कुठंय म्हणून विचारलंत तर कुणी धड पत्ता सांगणार नाही. "उलट्या खुर्च्यावाल्या बाई का?" एवढं विचारतील आणि पुणे रस्त्याच्या अलीकडच्या गल्लीकडं हात करतील. बाईंच्या पुढच्या खोलीत आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोन-दोनच्या जोड्या, आणि जोडीतल्या दोन्ही खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना टेकवलेल्या. भांडण झालेले नवराबायको बसावेत तशा. नवा माणूस शिकायला आला की आधी खुर्ची सरळ करायला जायचा आणि बसायच्या आतच बोलणी खायचा.

इथं शिकायला येणारी काही शाळेतली पोरं नव्हेत. नागापूरच्या कारखान्यात पंधरा वर्षं मशीन चालवून सुपरवायझर झालेले बाप्ये, राहात्याहून एसटीनं येणारा एक हॉटेलवाला, बँकेतल्या, दवाखान्यातल्या बाया. इंग्रजी या सगळ्यांना येतं. वाचतात, लिहितात, मोबाईलवर चटाचट टाइप करतात. अडतं ते तोंडातून बाहेर काढताना. पलीकडचा माणूस एकदा "काय म्हणालात?" म्हणाला की यांचा धीर सुटलाच म्हणून समजा. अशांचं इंग्रजी पलीकडच्याच्या कानात नीट उतरवून द्यायचं, एवढंच बाईंचं काम. व्याकरण विचारायला कुणी आला तर त्या सरळ सांगायच्या, ते दुकान दुसरीकडं आहे बाबा.

पाठमोरं बसवायची रीत मात्र बाईंची स्वतःची नव्हे. ती रतनबाईंची.

त्यासाठी पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागतं. सत्यशीला तेव्हा बावीस वर्षांची. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली, मावशीकडं राहून नगरच्या कॉलेजात शिकलेली. परीक्षा देऊन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली खरी, पण तोंडात सगळी पाथर्डीच. स्टेशनला 'टेशन' म्हणायची, स्टुलाला 'टूल'. शब्दाच्या सुरवातीचा 'स' तिच्या गावानं कधीच गिळून टाकलेला. पहिल्या दिवशी हेडफोन डोक्यावर चढवला, लाइनीवर मद्रासची ऑपरेटर काहीतरी बोलली, आणि या पोरीनं जोरात मान हलवली. मद्रासवाली पुन्हा बोलली. हिनं पुन्हा मान हलवली. तिसऱ्या वेळी तर जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. आपल्याकडच्या माणसाला मान हलवल्याशिवाय हो म्हणता येत नाही आणि 'च्च' केल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, हे मद्रासला कसं कळावं?

सुपरवायझर रतनबाई साळवे मागं उभ्या राहून हे पाहत होत्या. उंच, सडपातळ, खळ घातलेली सुती साडी, मिशनच्या शाळेत शिकलेलं खणखणीत इंग्रजी. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. ड्यूटी संपल्यावर त्यांनी पोरीला आपल्याकडं पाठ करून बसवलं, हातात टेलिफोनची डिरेक्टरी दिली आणि नावं वाचायला लावली.

"सत्यशीला, चेहरा लाइनीवरून जात नाही," त्या म्हणाल्या. "हातवारे जात नाहीत, मान जात नाही. आवाज तेवढा जातो. जे सांगायचं ते सगळं आवाजात घाल."

महिनाभर हा कार्यक्रम चालला. त्या एका 'स'पायी रतनबाईंनी तिला काय छळलं म्हणता! तोंडापुढं हाताचा पंजा धरायला लावायच्या. 'स'चा वारा गार आणि बारीक लागला पाहिजे, नाही लागला तर परत. अक्षरं सांगायची म्हणजे इतर ऑपरेटर आग्रा, बॉम्बे, कलकत्ता म्हणायच्या. रतनबाईंनी नगर जिल्ह्याचीच बाराखडी केली होती. ए म्हणजे अकोले, जे म्हणजे जामखेड, के म्हणजे कोपरगाव, पी म्हणजे पारनेर, आणि एस म्हणजे शेवगाव. ज्या दिवशी सत्यशीलानं "एस फॉर शेवगाव, स्टेशन" असं एका दमात म्हटलं, त्या दिवशी रतनबाईंनी तिला कँटीनमध्ये नेऊन भजी खाऊ घातली. त्या भज्यांची चव बाईंच्या जिभेवर अजून आहे. पुढं बढत्या मिळाल्या, निरोपाचे समारंभ झाले, पण तसली भजी पुन्हा काही मिळाली नाहीत.

ते दिवसच वेगळे होते हो. आता पोरं चालता चालता अमेरिकेशी बोलतात. तेव्हा पुण्याला फोन लावायचा तर माणूस सकाळी तार ऑफिसात येऊन नाव लिहायचा आणि धोतराचा सोगा सावरत बाकड्यावर बसून राहायचा. लग्न, मरण, बाळंतपण, कांद्याचा भाव, सगळं एक्स्चेंजमधल्या बोर्डावरच्या जोडणीच्या दोऱ्यांमधून जायचं. ऑपरेटर मुली सगळं ऐकायच्या आणि काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं घरी जायच्या.

आणि लाइन खराब असली की त्यांना मधलं स्टेशन व्हावं लागायचं. म्हणजे असं, की इकडच्याचा आवाज मधल्या ऑपरेटरपर्यंत यायचा, तिकडच्याचाही यायचा, पण एकमेकांना दोघं ऐकू यायचे नाहीत. मग मधलीनं इकडचं ऐकून तिकडं सांगायचं, तिकडचं ऐकून इकडं. याचा रतनबाईंनी घालून दिलेला नियम कडक होता. माणूस जे बोलला तेच, त्याच्याच शब्दांत. 'ते म्हणतात' नाही, 'त्यांचं म्हणणं असं' नाही. तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. "मधल्या माणसानं आपलं मीठ घालायचं नाही," असं त्या म्हणायच्या.

एकदा जामखेडकडचा एक म्हातारा आला होता. पोरगा फौजेत, जालंधरला. लाइन लागली, पण आवाज पोचेना. सत्यशीला मध्ये बसली. म्हातारा जे बोलला ते तिनं तसंच्या तसं पुढं सांगितलं: "बाळा, तुझी आई गेली रे. मी एकटा पडलो." चोवीस वर्षांची पोरगी, लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, आणि आपल्याच वयाच्या जवानाला 'बाळा' म्हणत होती. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. तिला म्हणावंसं वाटलं, भाऊ, धीर धर. पण ते मीठ झालं असतं. तिनं घातलं नाही. नंतर रतनबाईंनी तिला चहा दिला, पाच मिनिटं रडून घे म्हणाल्या, आणि पुन्हा बोर्डावर बसवलं. बाई हे कुणाला फारसं सांगत नाहीत.

पुढं नंबर फिरवून परगावी थेट फोन लागायला लागले, बोर्ड गेला, दोऱ्या गेल्या. बाई चौकशीला बसल्या, मग बिलाच्या खिडकीवर, आणि साठाव्या वर्षी घरी आल्या. घरी येऊन महिना झाला नाही तोच खुर्च्या आणल्या आणि क्लास सुरू केला. त्यांचे यजमान सूर्यभानराव एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. त्यांना हे पाठमोरं प्रकरण पाहून हसू यायचं, पण पाच वाजता सगळ्यांचा चहा तेच टाकायचे. माणूस चांगला, फक्त तोंडाचा फटकळ. आणि त्यांचा एक हट्ट होता. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही. "बोललेलं परत बोलायचं म्हणजे उष्टं खायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला गोड बोलल्याचं कुणी ऐकलं नाही; एकदा तरी बोलले असतील, तर तेही परत बोलले नाहीत.

क्लास चांगला चालला. बाईंचा दरारा होता तो त्यांच्या 'परत सांग'चा. माणूस एक वाक्य बोलला की बाई म्हणायच्या, परत सांग. पुन्हा बोलला की पुन्हा, परत सांग. लोक म्हणायचे, बाई फार बारकाईनं ऐकतात बुवा, सुईएवढी चूकही सोडत नाहीत.

गेल्या दोन वर्षांत 'परत सांग' जरा वाढलं होतं. आणखी एक गोष्ट झाली होती. पहिल्यापासून बाई स्वतःही शिकणाऱ्याकडं पाठ करून बसायच्या. आता त्यांनी आपली एकटीची खुर्ची शिकणाऱ्याच्या समोर फिरवून घेतली होती. पंख्याचा वारा मानेला लागतो, असं कारण सांगितलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोन आला की तो सूर्यभानरावांनी घ्यायचा, हेही असंच कधीतरी सुरू झालं. जिचा जन्म फोनवर गेला ती बाई आता फोनला हात लावत नव्हती.

पंकजा आली ती गेल्या दिवाळीनंतर. एकोणतिशीची, नगरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. पहिलं वाक्य बोलली आणि बाई सावरून बसल्या. मराठी बोलण्यातली ती ओढ, तो हेल, पाथर्डीकडचाच. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, तेव्हा पोरगी लहानपणी त्यांच्याबरोबर फडावर, मग वसतिगृहात. दर वर्षी अर्धी शाळा इकडं, अर्धी तिकडं. जिथं जाईल तिथं वर्ग तिच्या बोलण्याला हसायचा. तिला आयर्लंडला जायचं होतं. तिच्याच दवाखान्यातली अश्विनी नावाची सीनियर नर्स तिकडं गेली होती, तिनं जागा आहे म्हणून कळवलं होतं. आईबापांनी आता कोयता खाली ठेवावा, एवढंच पंकजाच्या मनात होतं. मध्ये आडवी होती इंग्रजीची परीक्षा. लेखी, वाचन, श्रवण यांची तिला धास्ती नव्हती. बोलण्याची होती.

बाईंनी तिच्यावर जीव टाकला. तिच्यासाठी वेगळी वाक्यं लिहून काढली: पोटात कुठं दुखतं, दोन गोळ्या जेवणानंतर, सहा तासांनी पुन्हा. पंकजा ड्यूटी संपवून यायची, खुर्चीत बसायची, बोलायची. बाई म्हणायच्या, परत सांग. ती परत सांगायची. मग बाई मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, छान.

फेब्रुवारीत पंकजा परीक्षेला बसली. बोलण्यात नापास झाली.

निकालात नुसते मार्क होते, कारण कुठंच नाही. पंकजानं आपल्या सरावाचं रेकॉर्डिंग अश्विनीला पाठवलं आणि कुठं चुकतंय ते विचारलं. अश्विनीनं यादी पाठवली. पंकजानं ती कागदावर उतरवून बाईंच्या हातात दिली. एक्केचाळीस शब्द होते, आणि प्रत्येकात 'स' गायब. सुरवातीचा तरी, नाहीतर शेवटचा. स्टमकचं टमक झालं होतं, गोळ्या दोन होत्या की एक ते कळत नव्हतं. खाली अश्विनीनं लिहिलं होतं, औषधाचं काम आहे, इथं असं चालत नाही गं.

ही वाक्यं बाईंचीच होती. याच एक्केचाळीस शब्दांना बाईंनी छान म्हटलं होतं.

त्या बघते, म्हणाल्या आणि कागद घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर कुकर होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. वाफ वर उसळताना दिसली, आवाज आला नाही. बाहेरच्या खोलीतून सूर्यभानरावांनी नेहमीसारखं ओरडून सांगितलं, तीन झाल्या. आणि बाईंच्या एकदम लक्षात आलं की हा माणूस दोन वर्षं रोज शिट्ट्या मोजून सांगतो आहे. त्याआधी कुठं सांगायचा?

त्यांनी बाहेर येऊन विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? सूर्यभानराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, गेल्याच्या गेल्या आषाढापासून. मग मला बोलला का नाहीत, तर म्हणाले, तू बोलली नाहीस म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते बाईंना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर भला होता. त्यानं सांगितलं की बारीक, उंच आवाज आधी जातात. वय आहे, त्यात इतकी वर्षं हेडफोन. मशीन लावा, बोलणं कळेल, पण स, फ असले वाऱ्याचे आवाज पहिल्यासारखे येणार नाहीत. बाईंनी विचारलं, मग मला इतके दिवस ते ऐकू येत होते असं का वाटलं? डॉक्टर म्हणाला, वाक्य ओळखीचं असलं की माणूस कानानं ऐकत नाही, आठवणीनं ऐकतो.

घरी आल्यावर बाई त्या खोलीत जाऊन बसल्या. एका पाठमोऱ्या खुर्चीत. ज्या 'स'साठी रतनबाईंनी महिनाभर हात धरायला लावला, ज्याच्यासाठी भजी मिळाली, तोच निघून गेला होता, आणि जाताना त्यानं निरोपही घेतला नव्हता. बाईंना स्वतःची लाज वाटली. कानाची नाही. कान काय, म्हातारपणी जायचेच. लाज वाटली ती झाकपाकीची. पंख्याच्या वाऱ्याची सबब सांगितली, आणि एका कष्टाळू पोरीचे महिने घालवले. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला की घसा बसलाय, क्लास बंद.

पाचव्या दिवशी पंकजा दारात उभी. दुसऱ्यांदा परीक्षेचा फॉर्म भरला होता, चोवीस दिवस उरले होते. बाईंच्या कानातलं नवं मशीन तिनं पाहिलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बाईंनी तिला समोर बसवलं, सरळ, तोंडासमोर तोंड.

"पंकजा, मला 'स' ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मी तुला छान म्हणत राहिले ते खोटं होतं. तू माझ्यामुळं नापास झालीस. दुसरीकडं कुठं तरी जा, आजच जा."

"मला म्हाईत हाय, बाई."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पंकजानं जवळ सरकून, ओठ सुटे करून पुन्हा सांगितलं. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. वॉर्डात म्हातारी माणसं असतात, ती नर्सच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघतात. तुम्ही तसंच बघत होतात.

आता मात्र बाई भडकल्या. एवढं माहीत होतं तर इथं कशाला येत राहिलीस? पायावर धोंडा पाडून घ्यायचा होता का? शहाणी नर्स ना तू, मग अक्कल कुठं गहाण टाकली होतीस?

पंकजानं सगळं ऐकून घेतलं. "का येत होते ते पास झाल्यावर सांगीन," एवढंच म्हणाली. आणि वर, "दुसरीकडं मी जात न्हाई. कसं करायचं ते तुमी बगा."

कसं करायचं? चांगला कान आणायचा कुठून? बाई डोक्याला हात लावून बसल्या. तेवढ्यात सूर्यभानराव चहा घेऊन आले, आणि आल्या आल्या पंकजाला म्हणाले की तुझ्या स्कूटीचा मागचा ब्रेक घासतोय, गल्लीत वळलीस तेव्हाच ऐकलं. बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तीस वर्षं या माणसानं बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनात काय सैल झालंय ते सांगितलं होतं. इंग्रजी त्याला जेमतेम, स्पॅनर आणि गॅस्केटपुरतं. म्हणजे अर्थ लावायला जाणार नाही. म्हणजे आठवणीनं ऐकणार नाही. जे येईल तेच सांगणार, आपलं मीठ घालणार नाही.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझं मधलं स्टेशन."

सूर्यभानराव आधी उडालेच. म्हातारपणी आता इंग्रजी शिकू काय, म्हणाले. पण बसले. त्यांची पाठ पंकजाच्या खुर्चीच्या पाठीला, हातात बाईंनी लिहून दिलेला कागद, प्रत्येक वाक्यात 'स' किती वेळा आला पाहिजे त्याच्या नुसत्या रेघा. पंकजा बोलायची, सूर्यभानराव डोळे मिटून ऐकायचे, ऐकू आलेल्या प्रत्येक 'स'ला एक बोट उचलायचे. आणि चुकला की सांगायचे, चार नंबरचा गळतोय. गॅस्केट बदलल्यासारखं. बाई बाजूला बसून एक डोळा त्यांच्या बोटावर आणि एक पंकजाच्या दातांवर ठेवायच्या, आणि जिथं गळला तिथं रतनबाईंसारखा हाताचा पंजा पंकजाच्या तोंडापुढं धरायच्या. गार वारा लागला की मान हलवायच्या. कानाला जे येत नव्हतं ते हाताला येत होतं.

पहिल्या दिवशी चौदा गळले. सूर्यभानरावांनी ते तारखेसकट कॅलेंडरवर लिहून ठेवले. आठवड्यानं नऊ. मग चार. बाकीचे शिकणारेही हळूहळू परत आले, आणि बाईंनी त्या सगळ्यांना स्वतः सांगितलं की माझे कान गेलेत, इथून पुढं तुमचं बोलणं हे ऐकतील. नागापूरचे सुपरवायझर एकमेकांकडं पाहू लागले. राहात्याचा हॉटेलवाला तेवढा म्हणाला की बाई, आता फी निम्मी काकांना द्यायची काय? त्यावर सगळे हसले, बाईही हसल्या. दोन वर्षांचं ओझं असं हसण्यावारी उतरेल हे त्यांना वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पंकजाचा एकही 'स' गळला नाही. सूर्यभानरावांनी दोनदा बोटं मोजली आणि कॅलेंडरवर भलंमोठं शून्य काढलं. बाईंनी पोरीला घरीच भजी करून घातली. का, ते सांगितलं नाही.

निकाल लागायला दोन-अडीच आठवडे लागतात. ते बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दुपारी बसल्या बसल्या त्यांना तार ऑफिसचं बाकडं आठवायचं. सकाळपासून लाइन लागायची वाट पाहणारी माणसं, कुणी नुसती बोटं मोडत बसलेली, कुणी दर दहा मिनिटांनी खिडकीशी येऊन विचारणारी. तेव्हा आपण खिडकीच्या आत होतो, आता बाकड्यावर आहोत, असं त्यांच्या मनात यायचं. पोरगी पुन्हा नापास झाली तर आपण कुठल्या तोंडानं तिच्यापुढं उभं राहायचं? या खेपेला नापास झाली तर क्लास कायमचा बंद करायचा, हे मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं.

फोन आला तेव्हा पाच वाजत आले होते, चहा उकळत होता. सूर्यभानरावांनी फोन घेतला, आणि बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं की पंकजाच आहे. चांगलं की वाईट ते कळेना. त्यांनी हात पुढं केला, पण मशीन लावून फोन कानाला धरला की नुसती शिट्टी वाजते, हे आठवून मागं घेतला. मग सूर्यभानरावांनी खुर्ची ओढली, बायकोच्या उजव्या, बऱ्या कानाशी बसले, आणि फोनमध्ये म्हणाले की पोरी, हळूहळू बोल, मी पुढं सांगतो.

"बाई, मी पास झाले," ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. सूर्यभानराव ऐकत होते, सांगत होते, ठसक्यात, पंकजाच्याच शब्दांत, तिच्याच हेलात. बोलण्यात सगळ्यांत जास्त मार्क पडले. आईला फोन केला, ती फडावरच हाय, तिला आधी कळंनाच पोरगी का रडती. आता ह्यो शेवटचा हंगाम.

मग सूर्यभानराव थांबले. फोनवर पोरगी काहीतरी लांबलचक बोलत होती. बाईंनी वाट पाहिली. रतनबाईंचा नियम त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि त्यानं तो आता मोडू नये असं त्यांना मनापासून वाटलं. त्यानं मोडला नाही.

"बाई, मी का येत होते ते सांगते म्हनले होते ना," सूर्यभानराव म्हणाले. "लहानपनापासून मी बोलले की समदे म्हनायचे, काय? काय? परत सांग. आनि हसायचे. मला बोलायचीच लाज वाटायची. तुमी परत सांग म्हनायच्या तवा वाटायचं, ह्या बाईला मी काय बोलते ते खरंच ऐकायचं हाय. माझं बोलनं कुनाला एवडं ऐकावंसं वाटलं नव्हतं कदी. म्हनून येत होते."

चहा उतू जाऊन गॅस विझला, त्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. सगळ्या जन्मात सूर्यभानरावांच्या तोंडून असलं काही बाहेर पडलं नव्हतं. ते फोन धरून ताठ बसले होते, डोळे भरले होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला होता. उजवा कान अजून बरा होता आणि नवऱ्याचा आवाज वर्कशॉपातला.

तरी त्या म्हणाल्या, "परत सांगा."

सूर्यभानरावांनी बायकोकडं पाहिलं. मग घसा साफ केला, आणि पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, सगळं परत सांगितलं.